आक्का, उद्या माझा पेपर आहे

२४ मे, शनिवार. दुपारची जेवणं आटोपल्यापासून किल्ल्यांचा जुडगा पुढ्यात घेऊन बसले आहे. संध्याकाळी बिल्डर शेठचा माणूस तो न्यायला येणार. प्रत्येक किल्लीला फ्लॅटच्या नंबरची चिठ्ठी बांधून ठेवा, असा निरोप आहे. आक्का, तुम्ही किल्ल्यांना नंबर कधी लावलेच नाहीत. ब्लाउजच्या अस्तराच्या चिंध्या बांधल्या. हिरवी चिंधी म्हणजे पूर्वेला दार, पिवळी म्हणजे रस्त्याकडची गॅलरी, एवढं मला माहीत आहे. जांभळ्या चिंधीला दोन गाठी कशासाठी, ते कधी विचारलं नाही. विचारायची घाई काय होती, तुम्ही शेजारच्या खुर्चीतच असायचात. आता जांभळ्या किल्ल्या वेगळ्या काढल्यात आणि त्यांच्याकडे बघत बसले आहे. साइटवर जाऊन एकेक कुलूप लावून बघितलं तर काही मोठं काम नाही. पण जाता येत नाही. घरात सुतक आहे. तुमचं.

उद्या तुमचा दहावा. आणि उद्याच जालन्याला परीक्षा.

तारीख आली तेव्हा आपण दोघी ओट्यावर बसलो होतो. तुम्ही म्हणालात, रविवार आहे, गिऱ्हाईक बुडणार, पण परीक्षा ती परीक्षा. रेराचा कायदा आता असा आहे की परीक्षा पास झाल्याशिवाय एजंटला फ्लॅट विकायला उभं राहता येत नाही. आपला हिशोब सोपा होता. तुम्ही पास होणार. मी झाले तर वर, नाही झाले तर तुमच्या नावावर दोघी बसू. माझा फॉर्म तुम्ही सोबत म्हणून भरलात. कुणी एकटीनं देवाला जाऊ नये म्हणून दुसरीला घेऊन जावं, तसा. आता देवाला जायचं होतं तीच नाही आणि सोबतीण तेवढी उरली आहे.

शेठ तिसऱ्या दिवशी भेटायला आले. तुमच्या मालकांजवळ, दादांजवळ, सतरंजीवर बसले, तुमच्याबद्दल चांगलं बोलले, डोळे पुसले. खोटं वाटलं नाही. निघताना चपला घालता घालता मला म्हणाले, "वहिनी, बाई होत्या तोवर मी कधी कागद मागितला न्हाई. आता वरून कडक झालंय. एक तारखेपासून पास झालेल्यालाच साइटवर बसवता येतं. जालन्याचे दोघं तयार हायेत. तुम्ही ह्या बारीला पास होऊन दाखवा, मंग एजंट म्हणून नाव नोंदायला लागतील तेवढे दिवस मी थांबतो. पुढच्या परीक्षेपर्यंत न्हाई थांबता येणार." मी मान हलवली. घरातलं पाणीसुद्धा न घेता गेले. सुतकातलं कुणी घेत नाहीच, पण मला ते तेव्हा लागलं.

ह्यांची बियाण्याच्या कंपनीतली नोकरी गेली, तेव्हापासून हे घर आपल्या दोघी जावांवर चाललं. ही गोष्ट आपण कधी मोठ्यानं बोललो नाही. हे सकाळी पेपर वाचतात, दुपारी पंख्याखाली झोपतात, पाठ दुखते म्हणतात. पाठ खरंच दुखते. दादांची तब्येत तुम्हाला माहीत आहे. साइट गेली तर आपल्या घरातून सकाळी चप्पल घालून बाहेर पडणारं कुणीच राहणार नाही. रडगाणं म्हणून सांगत नाही. परवापासून डोक्यात हेच एक गणित आहे, आणि सुटत नाही.

ती नोकरी गेली त्या आठवड्यात तुम्ही स्वयंपाकघरात येऊन मला म्हणालात, "उद्यापासून माझ्यासंगं चल. इस्त्रीची साडी नेस, बाकी मी बघते." तुम्ही तेव्हा संशोधन केंद्रावर बदलून येणाऱ्या लोकांना बदनापुरात भाड्याच्या खोल्या दाखवायचात. मी म्हणाले, मला बोलता येत नाही. तुम्ही म्हणालात, बोलायचं काम माझं, तू फक्त नळ सोडून दाखवत जा. पहिले कित्येक दिवस मी खरोखर तेवढंच केलं. खोलीत शिरायचं, नळ सोडायचा, पाणी येतं हे दाखवायचं, बंद करायचा. मग हळूहळू बायका मलाच विचारायला लागल्या. गॅस कुठे ठेवायचा, कपडे कुठे वाळतील, वरची बाई भांडकुदळ आहे का. शेठची बिल्डिंग उभी राहिली आणि आपण फ्लॅट दाखवायला लागलो, तेव्हा आपली वाटणी आपोआप पडली होती. तुम्ही पुरुषमाणसांना हॉलमध्ये बसवून कर्जाचं, कागदाचं बोलायचात. मी घरातल्या म्हाताऱ्या बाईला घेऊन स्वयंपाकघरात. तिनं भिंतीकडे बोट करून 'इथं देव ठेवता येतील' म्हटलं की मी बाहेर येऊन तुम्हाला नुसतं बघायचे. तुम्ही लगेच टोकनचं बोलायला घ्यायचात.

बाजारात लोक हसायचे. जावाजावा उभा दावा म्हणतात, आणि ह्या दोघी एका दुकानात बसल्यात. भाजीवाली तर तोंडावर म्हणाली होती, बघू किती दिवस चालतं. तुम्ही तिला म्हणालात, दावा आहेच की, पण तो दुपारी, गिऱ्हाईक नसताना.

दावा होताच. केदारखेड्याचे गुरुजी आणि त्यांची बायको आले होते त्या दिवसापासूनचा. फ्लॅट पसंत, देवांची भिंत ठरली, तुम्ही टोकनपर्यंत आलात, आणि मी बाईंना सांगितलं की एप्रिल-मेमध्ये बोअर खाली जातो, तेव्हा टँकर लागतो. गुरुजींनी चहा अर्धा ठेवला. नंतर त्यांनी जालन्यात घेतला.  रात्री भाकरी थापताना तुम्ही सुरू झालात. "विचारलं असतं तर मी सांगितलंच असतं. मी खोटं बोलत न्हाई. पण न विचारता सांगायचं? पोरगी दाखवायला आणल्यावर तिला रात्री खोकला येतो म्हणून कोण सांगत बसतं?"

मी म्हणाले, "पोरगी माहेरी परत येऊ शकती, आक्का. फ्लॅट घेणारा कुठं जाईल?"

तुम्ही म्हणालात, "तुला धंदा कळत न्हाई." मी म्हणाले, तुम्हाला गिऱ्हाईक कळत नाही. तेव्हापासून दर उन्हाळ्यात पहिला टँकर बिल्डिंगपाशी लागला की आपण पुन्हा तिथूनच सुरू करायचो. ह्या मेमध्येही केलं. तुम्ही म्हणालात की गुरुजी आज इथं असते तर टँकरच्या पाण्यात सुखानं आंघोळ करत असते. मी उत्तर देणार होते. तेवढ्यात कुणीतरी फ्लॅट बघायला आलं.

काल पुस्तकात ते पान आलं. एजंटची कर्तव्यं. गिऱ्हाइकाची दिशाभूल करायची नाही, आपल्याला जे माहीत आहे ते त्याला सांगायचं. मी पुस्तक मिटलं आणि उठून तुमच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. पान दाखवायला. दारात थांबले, परत फिरले. इतकी वर्षं भांडून शेवटी सरकारी पुस्तक माझ्या बाजूनं बोलतंय आणि मला ते कुणाच्या नाकासमोर धरता येत नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, पुस्तक लिहिणाऱ्यानं कधी फ्लॅट विकलाय का. मला ते ऐकायचं आहे, आक्का. खरंच ऐकायचं आहे.

फॉर्म भरताना सेंटरवाल्यानं माध्यम विचारलं. तुम्ही छाती काढून सांगितलंत, मराठी, दोघींचंही मराठी. आपली भाषा, आपल्याला सोपं जाईल. मला तेव्हा बरोबरच वाटलं. क्लास सुरू झाल्यावर कळलं. मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून आपण बसलो, सर बोलायला लागले आणि आपल्याला ओ की ठो कळेना. बिल्डरला प्रवर्तक. घेणाऱ्याला वाटपग्राही. कार्पेटला चटई क्षेत्र. आयुष्यभर आपण धंद्यात इंग्रजी शब्द वापरतो आणि ते मराठीच आहेत असं समजतो. तिसऱ्यांदा चटई आली तेव्हा तुम्ही माइक चालू केलात. "सर, तुम्ही मघापासून चटई चटई करून राह्यले. आम्ही फ्लॅट इकतो. चटई कोण देतं गिऱ्हाइकाला?" सर हसले, वर्गातले न दिसणारे लोकही हसले. सर म्हणाले, मॅडम, कार्पेट एरिया. तुम्ही म्हणालात, "मंग तसं जल्दी सांगा ना, बिलकुल घाबरवलंत."

वाचून काही डोक्यात राहीना तेव्हा युक्ती तुम्हीच काढलीत. दुपारी गिऱ्हाईक नसताना सॅम्पल फ्लॅटमध्ये फिरत फिरत पाठ करायचं. स्वयंपाकघरात सगळे शब्द आणि त्यांचे अर्थ. हॉलमध्ये एजंटची कामं. गॅलरीत बिल्डरची कामं, कारण तो सारखा बाहेर असतो. बाथरूममध्ये दंड आणि शिक्षा. आणि आतल्या बेडरूममध्ये तक्रार कुठे करायची, किती दिवसांत करायची, अपील कुठे. तुम्ही विचारायचात, मी सांगायचे. मी चुकले की तुम्ही ओट्यावर बोटं वाजवायचात. मी विचारायचे तेव्हा तुम्ही न अडखळता सांगायचात आणि मध्येच खिडकीची काच पुसायचात.

आपण बेडरूमपर्यंत पोहोचलो नाही.

म्हणजे तुम्ही पोहोचला होतात. तुमचं पाठ होतं. मला उद्या सांगते म्हणालात. आता नऊ दिवस मी स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात पुस्तक धरून बसते. बायका येतात, बसतात, तुमच्याबद्दल बोलतात. त्यांच्यासमोर वाचता येत नाही, म्हणून पुस्तक तांदळाच्या डब्यामागे ठेवते. त्या गेल्या की काढते. एक ओळ वाचते, डोळे मिटते, ओळ नाही. पुन्हा वाचते. नाही. मला कुणीतरी विचारायला लागतं. मी ह्यांना म्हणाले, तुम्ही विचारा. ह्यांनी एक प्रश्न वाचला आणि माझ्या उत्तराआधी पानावरचं उत्तरही वाचून टाकलं. मी पुस्तक काढून घेतलं. चांगला माणूस आहे, पण विचारता येत नाही.

लोक म्हणतात, शोभा खंबीर आहे, रडली नाही. खंबीर कसली. मला रडू येत नाही, घाम येतो. पहाटे जाग येते आणि छातीवर कुणी वरवंटा ठेवलाय असं होतं. आज सकाळी मी चटई क्षेत्राची व्याख्या मनात म्हणायला गेले आणि तीसुद्धा गेली, जी मला झोपेत येत होती. आतल्या भिंती धरायच्या की बाहेरच्या? गॅलरी धरायची की नाही? पीठ मळता मळता हात थांबले. मला कळलं की मी नापास होणार. उद्या असो की पुढच्या वेळी, मी नापास होणार, कारण हे तुमच्याशिवाय मला कधी आलंच नव्हतं.

त्या दिवसाचं एकदाच लिहिते. ऊन फार होतं. अंकुशनगरचं कुटुंब आलं होतं, कारखान्यातून रिटायर झालेला माणूस, त्याची बायको, सून. लिफ्टला अजून लाइट नाही म्हणून जिन्यानं चाललो. दुसऱ्या मजल्यावर तुम्ही पायरीवर बसलात. म्हणालात, "तू हो पुढं, गिऱ्हाईक ताटकळलंय. मी आलेच." मी पुढे गेले. नळ सोडला, गॅलरी दाखवली, हॉलमधलं तुमचं बोलणंही मीच बोलले. म्हाताऱ्या बाईनं देवांसाठी भिंत दाखवली. मी तुम्हाला बघायला जिन्यात आले. डॉक्टर म्हणाले, तिथल्या तिथे गेल्या, लगेच आणलं असतं तरी उपयोग नव्हता. मी डॉक्टरवर विश्वास ठेवला आहे. ते उकरत बसायला मला जमत नाही. फक्त एवढंच की ते सगळं मी एकटीनं बोलले, कर्जापासून टोकनपर्यंत, आणि बरं बोलले, आणि हे तुम्हाला सांगायचं राहिलं. तुम्ही ऐकलं असतं तर म्हणाला असतात, बघ, म्हणे बोलता येत न्हाई.

तर उद्याचं. मी परवा रात्री ह्यांना सांगितलं की मला जायचं आहे. हे म्हणाले, दादांना विचार. दादा तुमच्या जाण्यापासून बोललेलेच नाहीत, त्यांना काय विचारू. पण आज सकाळी आत्याबाईंच्या कानावर गेलंच. आपल्या सासऱ्यांची बहीण, त्यांच्यापुढे ह्या घरात कुणी आवाज चढवत नाही. त्या ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी मला बोलावलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

"परीक्षा पुन्हा येती, शोभा," त्या म्हणाल्या. "दहावा पुन्हा येत न्हाई. थोरल्या जावेचा दहावा, सवाष्ण गेली, घर न्हाऊन-धुऊन निघायच्या आत धाकटी उंबरा ओलांडून जालन्याला? लोकांचं सोड. तुझं तुला बरं वाटंल का?"

 त्यांचं चुकीचं नव्हतं. मला बरं वाटणार नव्हतंच. गेले तरी नाही, थांबले तरी नाही. मी हाताला लागलेलं पीठ पदराला पुसत राहिले. 

तेव्हा दादा बोलले. खुर्चीत भिंतीकडे तोंड करून बसले होते, तसेच राहून. "ती फॉर्म भरून आल्ती तवा मी हितंच बसल्तो. मला म्हणाली, दोघींचा भरला. मी म्हणलं, दोघींचा कशाला, खर्चा कशाला वाढवती. म्हणाली, एकीला काही झालं तर दुसरी पाहिजे ना."  मग म्हणाले, "आत्या, दहाव्याला मी हाये. पोरगा हाये, निखिल पिंड देणार हाये. हिला जाऊ द्या."

आत्याबाई उठून आत गेल्या. 

आक्का, तुम्ही तसं खरंच म्हणाला होतात का? की दादांनी आजच जुळवलं? त्यांना कधी काही जुळवता आलेलं मला आठवत नाही. पण तुम्ही मला तर म्हणाला होतात, सोबत म्हणून भरते. एकीला काही झालं तर, हे तुम्ही माझ्याशी का बोलला नाहीत? तुम्हाला काही दुखत होतं का? जिन्यात आधीही कधी बसला होतात का, मी नसताना? मला हे आता कुणाला विचारता येत नाही आणि दादांना विचारण्याची हिंमत नाही. तुम्ही मला तयार करत होतात आणि मला वाटत होतं की आपण दुपार घालवतोय.

शेठचा माणूस येऊन गेला. जांभळ्या चिंधीच्या किल्ल्या मी तशाच दिल्या. त्याला म्हणाले, ह्या किल्ल्यांचं मला माहीत नाही, लावून बघा.

बेडरूमचं आज संध्याकाळी मी एकटीनं वाचलं. आपल्याच खोलीत, पलंगाभोवती फिरून. कपाटापाशी तक्रार, खिडकीपाशी मुदत, दारापाशी अपील. मोठ्यानं विचारायचं आणि मोठ्यानं सांगायचं. हे दारात उभे राहून बघत होते. त्यांनी बाहेरून दार ओढून घेतलं. किती राहिलं डोक्यात, देव जाणे. निम्मं राहिलं असेल. निम्म्यावर पास होता येतं म्हणतात, पण कुठलं निम्मं विचारतील, ते कुणाच्या हातात आहे.

पुढचं परत आल्यावर लिहिते आहे. रविवारी घर उठायच्या आत मी मागच्या नळावर डोक्यावरून पाणी घेतलं. दहाव्याचं न्हाण ते, माझं मी आधी उरकलं. केस ओलेच बांधले. दादा आणि निखिल निघायच्या तयारीत होते. नदीला ह्या दिवसांत पाणी नाही, म्हणून मळ्यातल्या विहिरीवर करायचं ठरलं होतं. निखिलच्या हातात दर्भाची जुडी होती आणि ती कशी धरायची ते त्याला समजत नव्हतं. लहानपणी तुम्ही त्याला पेन्सिल धरायला शिकवली होती. दादांनी त्याची बोटं नीट करून दिली. मी चप्पल घातली. सुतकात पाया पडत नाहीत, म्हणून नुसती उभी राहिले. आत्याबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "हातावर दही ठेवता येत न्हाई आज. पाणी तरी पिऊन जा." मी प्यायले.

पॅसेंजर उशिरा आली. जालन्याला सेंटरवर पोहोचले तर रांग अर्धी आत गेली होती. आपले फॉर्म एकापाठोपाठ भरलेले, तेव्हा नंबरही लागोपाठचे. तुमचा कॉम्प्युटर माझ्या डाव्या हाताला. खुर्ची रिकामी, पडद्यावर तुमचं पूर्ण नाव आणि तो फोटो, ज्यात तुम्ही सेंटरवाल्याला हसू की नको विचारलंत आणि त्यानं उत्तर द्यायच्या आत अर्धं हसलात. देखरेखीच्या बाई आल्या. दोन्ही पडद्यांवरचं आडनाव बघून म्हणाल्या, "तुमच्याच घरच्या का? यायच्यात का अजून? दोन मिनिटं थांबू शकते मी."

घरी येणारे सगळे माहीत असूनच येत होते. हे वाक्य मला तोवर कुणालाच सांगावं लागलं नव्हतं.

"माझ्या थोरल्या जाऊबाई," मी म्हणाले. "त्या वारल्या. थांबू नका."

बाईंनी वाकून तुमचा पडदा बंद केला. मी माझ्याकडे वळले, नंबर टाकला आणि पहिला प्रश्न मोठ्यानं वाचायला लागले. बाईंनी खूण केली तेव्हा आवाज बंद केला, आणि मनात वाचला.